तुळसाजी शिंप्याची नात

चिंचपाडळ गावी तुळसाजी नावाचा एक शिंपी राहत असे. हात सफाईदार, पण डोकं भलतंच हट्टी! गावात समज असा, की तान्ह्याची नाळ जिथे पुरावी तसं लेकरू निपजतं. तुळसाजीला नातवंड फौजदार हवं होतं. म्हणून त्यानं पोलीस चौकीच्या आवारात आधीच खड्डा खणून ठेवला. हवालदार जाब विचारायला आला, तर त्याच्याच हाती फावडं दिलं!

सून सुगंधा तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. तुळसाजीनं पेढ्यांच्या आधी नाळ मागितली.

सुगंधा म्हणाली, "मामंजी, नाळ मी संशोधनाला दिलीय. सहीसुद्धा केली."

"अगं, माझ्या नातीचं नशीब बरणीत घालतेस?" तुळसाजीचा पारा चढला. त्यानं दारातच बैठक मारली. नाळ नेणारी गाडी बाहेर थांबलेली. वेळेत प्रयोगशाळेत पोचली नाही, तर नाळ वाया जाणार होती.

डॉक्टरीणबाई समजवायला आल्या. "आजोबा, या नाळेत मूळपेशी असतात. त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. जसं वाढवावं तशा त्या हाडाच्या होतात, कूर्चेच्या होतात, चरबीच्याही होतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. शेजारीपाजारी दाह पेटला, तर तो शांत करायलाही हातभार लावतात."

"आणि आज त्या कोण आहेत?"

"आज कोणीच नाहीत."

"हात्तिच्या! मग त्यांचं कसलं मोल?"

"तुम्ही शिंपी ना? कोरा तागा महाग, की दुसऱ्याच्या मापाची कापलेली बाही?"

"तागाच की!" तुळसाजी म्हणाला. पण जागचा हलेना. "नाळ नीट पुरली नाही, तर पोर वळणावर कशी येणार?"

तेवढ्यात त्याची बायको पारूबाई डबा घेऊन आली. सगळं ऐकून तिनं कमरेवर हात ठेवले. "तुमची नाळ सासूबाईंनी शाळेच्या उंबऱ्याखाली पुरली होती. लेक मास्तर व्हावा म्हणून. चौथीत तीनदा बसलात की हो!"

अख्खा दवाखाना हसला. तुळसाजी आधी ओशाळला, मग स्वतःच खो खो हसत सुटला. उठून त्यानं दार मोकळं केलं. नाळेची बरणी दोन्ही हातांनी गाडीपर्यंत नेली आणि चालकाला दटावलं, "खड्डे चुकव रे बाबा. आतल्यांचं अजून काही ठरायचंय!"

परत येऊन त्यानं नातीला मांडीवर घेतलं. "काय व्हायचं ते तूच ठरव गं, माझे बाय. आम्हाला घाई नाही."

पोरीनं लगेच त्याचं धोतर ओलं केलं.

"घ्या," पारूबाई म्हणाली, "ठरवायला सुरुवात झाली!"

तात्पर्य: जे अजून काही झालेलं नाही त्याला कमी लेखू नये; लेकराला माया द्यावी, माप त्याचं त्याला घेऊ द्यावं.