माणशी एक हरभरा

एका ओढ्याच्या अल्याड हिवरटेक नावाचं गाव होतं आणि पल्याड पळसटेक. हिवरटेकात तुळाजी नावाचा एक आचारी राहायचा. चैत्रात गावची जत्रा भरायची आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भंडारा व्हायचा. साऱ्या गावाचं जेवण देवळापुढच्या पटांगणात, एका जागी. त्या भंडाऱ्याचं ओगराळं, म्हणजे आमटी वाढायचा तो लांब दांड्याचा मोठा पळा, चाळीस वर्षं तुळाजीच्या हातात होतं. त्याच्या आधी त्याच्या बापाच्या हातात होतं. तुळाजीला दुसरा मान ठाऊक नव्हता, आणि नकोही होता.

त्याची मोजायची एक रीत होती. भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी तो घरोघर चूलबंद द्यायला निघायचा. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांना आमंत्रण, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. उंबऱ्याशी उभं राहून तो विचारायचा, "उद्या किती पानं?" घरची बाई सांगायची, आणि तो कमरेच्या पिशवीत माणशी एक हरभरा टाकायचा. पाळण्यातल्या लेकराची एक डाळ. तिन्हीसांजेला घरी येऊन हरभरे मोजायचा आणि मग किती तांदूळ काढायचा ते ठरवायचा.

"आकडा फुगला तर भात नासतो," तो म्हणायचा. "आकडा दबला तर माणूस उपाशी उठतो. दोन्ही पापं आचाऱ्याच्या माथी."

त्याची एकुलती एक लेक, गोदी, पळसटेकला दिली होती. ओढा ओलांडला की तिचं घर. तरी तिचा हरभरा त्यानं पिशवीत कधी टाकला नाही. जिचं पान पळसटेकला, ती पळसटेकातच मोजायची.

आता या गोष्टीत दुसरी एक मोजणी येते. मोबाईलवर एक मोठा कोश आहे बघा, साऱ्या जगानं मिळून लिहिलेला. कुणीही यावं, ठाऊक असेल ते लिहावं, चुकलेलं दिसलं तर नीट करावं. गावच्या शाळेतल्या भागवत गुरुजींनी त्यात हिवरटेकचं एक पान लिहिलं होतं. ओढा कुठला, देऊळ कुठलं, आणि लोकसंख्या एक हजार एकशे शहाऐंशी. शेजारी जनगणनेचं सालही लिहिलं होतं. गुरुजींची बदली झाली तेव्हा त्यांनी तुळाजीला बोलावलं.

"तुळाजी, तुम्हाला आकड्याची किंमत कळते. या पानावर लक्ष ठेवा. आकडा लिहिला की कुणी मोजला आणि कधी मोजला, हे शेजारी दिसलंच पाहिजे. आणि कुणाशी वाद झाला तर खोडाखोडी करत बसू नका. पानामागे चर्चेची जागा आहे, तिथं आपलं म्हणणं मांडायचं आणि थांबायचं."

तुळाजी अक्षर ओळखीपुरतंच शिकला होता. पण दर रविवारी चष्मा लावून तो ते पान उघडायचा, आणि आकडा जागेवर आहे बघून समाधानानं मोबाईल बंद करून ठेवायचा. एका साली त्याच्या हरभऱ्यांची बेरीज बाराशे तीन झाली. त्याला वाटलं, आपला आकडा ताजा आहे, हाच लिहावा. लिहायला बसलाही. मग थांबला. माझी पिशवी मुंबईतला माणूस कुठं बघणार? त्यानं मोबाईल बाजूला ठेवला आणि हरभरे उसळीला भिजत घातले.

पुढं झालं असं, की गावचे सरपंच बाजीनाना एका सोयरिकीला गेले. तिथले पाहुणे म्हणाले, "कोशात बघितलं आम्ही. गाव लहानच दिसतंय तुमचं. तुमच्या शेजारचं पळसटेक पंधराशे चाळीस आहे." नानांना ते लई लागलं. पळसटेकशी हिवरटेकची जुनी चुरस. कुस्तीत चुरस, बैलांत चुरस. घरी आल्या आल्या नानांनी पुतण्याला बसवला आणि कोशात आकडा घातला, तीन हजार.

रविवारी तुळाजीनं पान उघडलं आणि तो चष्मा पुसतच राहिला. त्यानं जुना आकडा परत घातला. संध्याकाळी बघतो, तर पुन्हा तीन हजार.

दुसऱ्या दिवशी नानांनी त्याला देवळात बोलावलं. दहा-बारा माणसं बसली होती.

"काय मामा, गावाला लहान करायला निघालात?"

"मी कुठं लहान केलं, नाना? आहे तेवढं लिहिलं."

"सुरतेला गेलेली पोरं आपली नाहीत? लग्न होऊन गेलेल्या लेकी आपल्या नाहीत? मागं जत्रेला तीन हजार पत्रावळ उठली होती. तुम्हीच वाढलं की!"

"वाढलं. पण ती माणसं दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी गेली. तिथं त्यांची मोजणी झालेली असते. एका माणसाला दोन पानं कशी मांडायची?"

"म्हणजे तुमची गोदी पण तुमची नाही म्हणा!" नाना म्हणाले, आणि कुणीतरी हसलं.

तुळाजीनं नानांकडं बघितलं. "लेक माझीच आहे," तो म्हणाला. "पान तिचं पळसटेकात आहे."

नानांचा आवाज चढला. "हे बघा, आकडा राहू द्या. नाहीतर यंदा ओगराळं दुसऱ्याच्या हातात जाईल."

चाळीस वर्षांचा मान होता तो. तुळाजीनं खांद्यावरचा पंचा हातात घेतला, घडी केली, परत खांद्यावर टाकला.

"ओगराळं गावाचं आहे, ते घ्या," तो म्हणाला. "आकडा मात्र माझ्या घरचा नाही, तो मला देता येत नाही."

घरी येऊन त्यानं गुरुजींनी सांगितलं तसं केलं. खोडाखोडी केली नाही. पानामागच्या चर्चेच्या जागी एकेक अक्षर शोधून लिहिलं, की जनगणनेत आकडा एक हजार एकशे शहाऐंशी आहे, तीन हजाराला आधार दिसत नाही, जाणत्यांनी बघावं. आणि वाट बघत बसला. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. पण ओसरीवर रिकामी पिशवी खुंटीला दिसायची, तेव्हा त्याला वाटायचं, निदान ही खोटी बोलली नाही.

इकडे नानांनी तालुक्याहून एक आचारी ठरवला. त्यानं फोन केला, "सरपंच, किती पानं धरू?"

आता चाळीस वर्षांत हा प्रश्न गावात कुणाला पडलाच नव्हता. नाना पारावर चार माणसांत बसले होते. ते ऐटीत म्हणाले, "कोशात बघा की! साऱ्या जगाला दिसतंय."

आचाऱ्यानं बघितलं. आणि तीन हजार धरले.

घरोघर चूलबंद द्यायला यंदा कुणी गेलं नाही, कर्ण्यावरून पुकारा झाला. त्या वर्षी जत्रा नेमकी पोरांच्या परीक्षेच्या दिवसांत आली होती. सुरतेची, मुंबईची माणसं आली नाहीत. गावातली मात्र सगळी आली. तुळाजीही आला आणि पंगतीत बसला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं भंडाऱ्याचा भात गरम गरम खाल्ला. आमटीत मीठ थोडं कमी होतं, पण तो बोलला नाही.

उन्हं डोक्यावर असतानाच पंगती उरकल्या. आचाऱ्यानं सहा पोती तांदूळ शिजवला होता. कढया झाकून तो वाट बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "सरपंच, पुढची पंगत बसवा."

"झाल्या पंगती," नाना म्हणाले.

"झाल्या? अहो, अजून अठराशे माणूस यायचाय!"

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली गावातली म्हातारी ठकूआत्या खणखणीत आवाजात म्हणाली, "बाजी, मोबाईलमध्ये बसलीत ती. काढ बाहेर आणि बसव जेवायला!"

हशा असा उसळला, की देवळावरची कबुतरं उडाली. नाना हसले नाहीत. त्यांनी कढयांकडं बघितलं. पांढराशुभ्र भात, वाफ निघतेय, आणि खायला तोंड नाही. देवाचं अन्न ओढ्यात टाकायची पाळी आली होती. ते हळूच तुळाजीपाशी आले आणि खाली बसले.

"मामा, काय करायचं?"

तुळाजीनं हात धुतले. "भात अजून गरम आहे. पळसटेकला चूलबंद देऊन येतो."

"पळसटेकला?" नानांनी ओढ्यापल्याड बघितलं.

"पंधराशे चाळीस माणूस आहे. त्यांचा आकडा कुणी फुगवलेला नाही, म्हणून छातीठोक सांगतो. भात सगळ्यांना पुरेल आणि थोडाच उरेल."

नानांनी पटका नीट केला. मग उठले. "चला, मीही येतो. आमंत्रण सरपंचानं द्यायला पाहिजे."

दोघं ओढा उतरून गेले. तासाभरात सारं पळसटेक येताना दिसलं. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, कुस्तीतले पैलवान. नानांनी आपल्या हातानं देवळातल्या खुंटीवरचं ओगराळं काढलं आणि तुळाजीच्या हातात दिलं. तुळाजीनं आधी आमटीत मूठभर मीठ टाकलं, मग वाढायला घेतलं.

पळसटेकचे सरपंच पंगतीत मांडी घालून बसले आणि मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "काय बाजीनाना, तुमचे तीन हजार कुठं बसलेत? बघू तरी आम्हाला!"

नानांच्या हातात भाताची पाटी होती. ते थबकले. मग त्यांनाही हसू फुटलं. "हे काय, निम्मे तुम्हीच आहात! घ्या, भात घ्या."

पंगतीच्या टोकाला गोदी बसली होती. तुळाजीनं तिच्या द्रोणात आमटी ओतली, आणि मग आणखी एक ओगराळं ओतलं.

"आबा, सांडली की!" ती म्हणाली. "आणि मला मोजत नाही ना तुम्ही?"

"मोजत नाही," तुळाजी म्हणाला. "वाढतो."

पळसटेक जेवून गेलं तेव्हा दोन पाट्या भात उरला. तो गुरांना घातला.

संध्याकाळी नाना मोबाईल घेऊन तुळाजीच्या ओसरीवर आले. चर्चेच्या जागी कुणा लांबच्या माणसाचं उत्तर येऊन पडलं होतं, की इथं मांडलेलं म्हणणं बरोबर आहे, आकडा सुधारावा.

"मामा, घाला तुमचा आकडा."

"तुम्हीच घाला, नाना. मी सांगतो."

तुळाजी सावकाश सांगत गेला, नाना एकेक आकडा दाबत गेले. एक हजार एकशे शहाऐंशी. शेजारी जनगणनेचं साल. नानांनी ते दोनदा वाचलं. "लहानच दिसतंय गाव," ते म्हणाले.

"दिसू द्या," तुळाजी म्हणाला. "जेवलं सगळं."

तात्पर्य: सगळ्यांसाठी लिहिलेल्या आकड्यावर कुठला तरी अनोळखी माणूस विश्वासानं आपली चूल मांडतो, म्हणून गावाची मोजणी असेल तेवढीच लिहावी, आणि ती कुणी व कधी केली तेही शेजारी सांगावं.