गोगीची बशी कोरडी

एक होती गोगलगाय. नाव तिचं गोगी. रेणूताईच्या गॅलरीत, पुदिन्याच्या कुंडीखाली राहायची.

रेणूताईनं केलं होतं एक यंत्र. त्याची काडी मातीत खोचलेली. माती वाळली, की काडी 'कोरडं' म्हणायची, आणि यंत्र पाणी घालायचं. पाणी झिरपायचं कुंडीखालच्या बशीत. गोगी न्हायची बशीत. डुबुक!

आज बशी कोरडी. कोरडी ठणठणीत! गोगीचं अंग वाळायला लागलं.

गोगी निघाली. सरक सरक, चिकट चिकट.

वाटेत भेटली नळी.
"गोगे, गोगे, तोंड का सुकलं?"
"बशी भरेना, मी न्हाऊ कुठं? नळीताई, ठिबक ना!"
"पंप घुरघुरेल, तर मी ठिबकेन."

गोगी निघाली. सरक सरक, चिकट चिकट.

बादलीत बसला होता पंप.
"गोगे, गोगे, तोंड का सुकलं?"
"नळी ठिबकेना, बशी भरेना, मी न्हाऊ कुठं? पंपदादा, घुरघुर ना!"
"कॉम्प्युटर सांगेल, तर मी घुरघुरेन."

गोगी निघाली. सरक सरक, चिकट चिकट.

कॉम्प्युटर एवढासा, खेळायच्या पत्त्याएवढा. दिवा त्याचा लुक लुक.
"गोगे, गोगे, तोंड का सुकलं?"
"पंप घुरघुरेना, नळी ठिबकेना, बशी भरेना, मी न्हाऊ कुठं? कॉम्प्युटरभाऊ, सांग ना!"
"मातीतली काडी 'कोरडं' म्हणेल, तर मी सांगेन. ती तर 'ओलं, ओलं' म्हणतेय!"

गोगीनं पाहिलं. कुंडीत काडी नाहीच! काडीची वायर गेली कठड्यावरून. थेट शेजारच्या शकूकाकूंच्या तुळशीत.

गोगी निघाली. सरक सरक, चिकट चिकट.

"गोगे, गोगे, तोंड का सुकलं?"
"कॉम्प्युटर सांगेना, पंप घुरघुरेना, नळी ठिबकेना, बशी भरेना, मी न्हाऊ कुठं? काडीबाई, 'कोरडं' म्हण ना!"
"खोटं कसं बोलू? काकू अंघोळ करतात, तुळशीला तांब्याभर पाणी घालतात. मी ओल्यातच उभी. काकू सोडतील, तर मी 'कोरडं' म्हणेन."

तेवढ्यात काकूच आल्या.
"अगंबाई! कुणाची गं तू? कुठल्या कुंडीतली? तोंड का सुकलं?"
"काडी बोलेना, कॉम्प्युटर सांगेना, पंप घुरघुरेना, नळी ठिबकेना, बशी भरेना, मी न्हाऊ कुठं? काकू, काडी सोडा ना!"
"ही होय? रिकामी उभी दिसली, म्हणून आणली. तुळस माझी वाकलीय, तिला आधार नको? दुसरी काडी मिळेल, तर ही सोडीन."

गोगी निघाली. सरक सरक, चिकट चिकट.

खिडकीवर कबूतर. गुटर्र गूं!
"गोगे, गोगे, तोंड का सुकलं?"
"काकू सोडीनात, काडी बोलेना, कॉम्प्युटर सांगेना, पंप घुरघुरेना, नळी ठिबकेना, बशी भरेना, मी न्हाऊ कुठं? कबूतरदादा, एक काडी दे ना!"
"काड्या पुष्कळ. पण घरटं सारखं पडतं. ते घट्ट होईल, तर देईन."

गोगीच्या अंगात उरला होता थोडासा चिकटा. गोगी घरट्यावरून फिरली. सरक सरक, चिकट चिकट. सगळा चिकटा संपला. मग नुसतंच खर खर.

घरटं झालं घट्ट!

कबूतर उडालं. फडफड फडफड! चोचीत काडी, पाठीवर गोगी.

कबूतरानं काडी दिली, गोगीला बशीत उतरवलं. काकूंनी ती तुळशीला बांधली. "ज्याची काडी त्याच्या कुंडीत," म्हणाल्या, आणि जुनी काडी पुदिन्यात खोचली.

काडी म्हणाली, "कोरडं! कोरडं!"
कॉम्प्युटर म्हणाला, "चल रे पंपा!"
पंप घुरघुरला. घुर्रर्र!
नळी ठिबकली. टिप टिप टिप!
बशी भरली. काठोकाठ.

डुबुक!

काकू कठड्यावरून वाकल्या. "न्हालीस का गं?"

गोगी अजून न्हात होती.

बशी भरली, गोष्ट सरली.