सुतारशाळेतली शेगडी

"मग पेटवू ना, बाबा?"

शेगडीभोवती एक फेरी मारून शिवानंदबाबा दारात येऊन उभे राहिले.

कमरेइतकी उंच, लाकडं जाळायची लोखंडी शेगडी. चिखलदऱ्याच्या कुठल्याशा जुन्या बंगल्यातून ती आश्रमात आली आणि अडगळीत पडून राहिली. आश्रमातली दुरुस्तीची कामं करणाऱ्या विश्रामने ती बाहेर काढून घासली, काळा रंग दिला आणि सुतारशाळेत आणून बसवली. धुराचं नळकांडं भिंतीतून बाहेर काढलं.

सुतारशाळेत अधू माणसांसाठी कुबड्या होत. कामाला जवळच्या पाड्यातली माणसं येत. यंदाच्या थंडीत सकाळी हातात पटाशी धरवेना. त्यांतल्या फुलमतीची बोटं तर भेगाळून रक्ताळली होती.

"जुनी आहे रे," बाबा म्हणाले.

"जुनी म्हणूनच भक्कम. असलं लोखंड आता मिळतं कुठं?"

"नळकांडं पाहिलंस?"

"वरून ठीक आहे."

"आतून?"

विश्रामला ते लागलं. "बाबा, आश्रमाचा पंप मी दुरुस्त केला, पिठाची चक्की मी चालू केली. एका शेगडीपुरता माझ्यावर भरवसा नाही?"

विश्रामने ढलप्यांची टोपली पुढे ओढली.

"माणसं यायची वेळ झाली. ती थंडीत कुडकुडतात, ते बघवत नाही मला. दारं-खिडक्या लावल्या की खोली कशी उबदार होईल बघा!"

बाबांनी मान हलवली. मग आत येऊन त्यांनी शेगडीला लागूनच घोंगडी अंथरली आणि मांडी घालून बसले.

"पेटव."

"तुम्ही... इथं?"

"जपाला बसतो. खिडक्या लाव. जाताना बाहेरून दारही ओढून घे. माणसं आली की ये."

विश्रामने खिडक्या लावल्या. शेगडीत ढलप्या रचल्या. काडी ओढली.

बाबांनी डोळे मिटले होते. त्यांचा श्वास संथ चालला होता. छातीवरची पांढरी दाढी किंचित वर जाई, खाली येई.

विश्राम त्या दाढीकडे बघत राहिला... काडी जळत बोटापर्यंत आली. चटका बसला, तशी त्याने ती खाली टाकून पायाने विझवली.

"बाबा, उठा."

"का रे?"

"आधी नळकांडं उतरवून बघतो."

बाबा उठले नाहीत. विश्रामने एकट्यानेच नळकांडं उतरवलं, अंगणात नेलं आणि दगडावर आपटलं. काजळीचे पोपडे पडले. मागोमाग पाखराचं जुनं घरटं, काड्या, पिसं, माती. एवढं पडूनही त्याने आरपार पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसेना.

तो तसाच काळ्या हातांनी आत आला आणि बाबांच्या पायाशी बसला.

"दार लावून गेलो असतो तर..." तो म्हणाला. "सगळा धूर खोलीत कोंडला असता. तुमच्या छातीत गेला असता, बाबा. तुम्ही आत बसलात म्हणून माझा हात थांबला."

बाहेर चढावर माणसं दिसू लागली होती. अंगावर चादरी लपेटून, हात चोळत, आपसात बोलत ती वर येत होती. फुलमती सगळ्यांच्या पुढे होती.

बाबांनी तिकडे पाहिलं. मग विश्रामकडे.

"छाती काय मला एकट्यालाच आहे रे?"