वांग्याच्या फुलाचा रंग

एकदा एक म्हातारा रंगारी होता आणि त्याच्या हाताखाली शिकणारी एक मुलगी होती. मुलगी हुशार होती. हुशार माणसांना सगळं पहिल्यापासून स्वतःच करायचं असतं. आम्हां कमी हुशारांनाही असतं, ते सोडा.

एक व्यापारी आला. म्हणाला, "लेकीच्या लग्नाचा शेला वांग्याच्या फुलाच्या रंगाचा हवा. सोमवारी नमुना दाखवा, नाहीतर मी दुसरा रंगारी बघतो."

म्हातारा मुलीला म्हणाला, "हे काम तुझं. जमलं तर तू रंगारीण. नाही जमलं, तर आणखी वर्षभर सूत धू."

मुलीनं गाडग्यांची रांग मांडली. प्रत्येकात नीळ आणि लाखेचा लाल रंग वेगळ्या मापानं. रेशमाच्या पट्ट्या बुडवायच्या, वाळवायच्या, त्यातल्या दोन बऱ्या निवडून त्यांची मापं एकमेकांत मिसळायची, थोडा फेरफार करायचा, की पुन्हा नवी रांग. रविवार उजाडला तरी पट्ट्या चिखलात लोळल्यासारख्याच.

तिनं वैतागून सगळी गाडगी राखेनं लखलखीत घासली. तेवढ्यात म्हातारा आला आणि त्यातल्या तीन गाडग्यांत जुन्या बरण्यांतले उरलेले रंग ओतून मोकळा झाला.

"बाबा! अहो, हा तर जांभळ्या शालूचा रंग! मला वांग्याचं फूल हवंय."

"दिसतं मला अजून."

"मग सगळ्यांतच ओता की!"

"सगळ्यांत ओतलं तर पुन्हा जांभळा शालूच निघेल, बाई. एकातही नाही ओतलं, तर तुझ्या लग्नापर्यंत घासत बसशील."

मुलीनं बाकीच्या गाडग्यांत पुन्हा नव्या मापांनी रंग कालवले. दुपारी त्या तिघांतलं जुन्या राणी रंगाचं गाडगं पार बिघडलं. मुलीनं ते जरा आनंदानंच दाखवलं.

"फेक," म्हातारा म्हणाला. "जुनं म्हणून काय आरती ओवाळायची? जुन्यालाही नव्यांच्या रांगेत उभं करायचं. टिकलं तर घ्यायचं."

जांभळ्याची पट्टी फार गडद होती, पण तिला चकाकी होती. मुलीनं तो रंग आपल्या सगळ्यात फिक्या गाडग्यात थोडा थोडा मिसळत नेला. ऊन कलता कलता एक पट्टी वाळली.

सोमवारी व्यापाऱ्यानं सोबत आणलेलं फूल त्या पट्टीवर ठेवलं आणि काही क्षण त्याला ते सापडेना.

"शेला कधी मिळेल?" त्यानं विचारलं. म्हाताऱ्याला नाही, मुलीला.

तो गेल्यावर तिनं उरलेला रंग एका रिकाम्या बरणीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि ती फळीवर इतरांशेजारी ठेवली.

नवी अडचण आली की आपणही दोन-तीन गाडग्यांत जुनं ओतावं, बाकीची कोरी ठेवावीत.