दगडावरचा नेचा

माशांच्या काचेच्या पेट्या घरोघरी नुकत्याच येऊ लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. शकूमावशींची पेटी अंधाऱ्या माजघरात होती. त्यांनी पाण्यात वाढणारं नेच्याचं रोप काळ्या दगडाला दोऱ्याने बांधलं. "वाळूत पुरलं तर कुजशील रे. इथेच बस," त्या म्हणाल्या.

नेच्याला हे मुळीच पटलं नाही. पेटीवर एक मिणमिणता दिवा होता आणि त्याच्याखाली सुटी पाणवेल मजेत तरंगत होती. "चोराला बांधावं तसं बांधलंय मला!" दिवसभर तो अंग वर ताणत राही. "गोगलगायताई, हा दोरा कुरतड ना!"

गोगलगाय रोज म्हणे, "बघू उद्या."

एकदा पाणी बदलताना मावशींनी ती तरंगती वेल उचलून फेकून दिली.

"वर जागा झाली!" नेचा ओरडला. "आता तरी तोड!"

"काय तोडू?" दगडाभोवती फिरून गोगलगाय म्हणाली. "दोरा महिन्यापूर्वीच कुजून गेला. दगडाला तूच धरून बसलायस. जायचंय ना? मग सोड."

नेच्याने खाली पाहिलं. मुळं दगडाला घट्ट चिकटली होती. वर दिवा तसाच होता.

"बघू उद्या," तो म्हणाला.