पाणी पेरणारा इद्रीस

फार वर्षांपूर्वी, किती ते आता कुणी मोजत नाही, स्पेनच्या दक्षिणेला बर्फाच्या डोंगराखाली अल्फारा नावाचं गाव होतं. तिथे मूर, म्हणजे पूर्वी समुद्रापलीकडून येऊन वसलेले मुसलमान लोक राहत. शहरांतल्या मुरांनी मोठमोठी ग्रंथालयं उभारली, ताऱ्यांवरून वेळ सांगणारी पितळी यंत्रं घडवली, बागांत कारंजी नाचवली. अल्फाराकडे मिरवायला एक इद्रीस होता, आणि तो पाणी पेरायचा.

हो, पेरायचाच. वसंतात बर्फ वितळू लागलं की तो वरच्या पाटाचं दार उघडून पाणी उजाड, खडकाळ उतारावर सोडून द्यायचा. ते कपारींत झिरपायचं आणि ऐन उन्हाळ्यात गावातल्या झऱ्यांतून वर यायचं. कुठलं पाणी कुठल्या झऱ्याला केव्हा पोचेल, हे तो खडकाला कान लावून सांगे, असं म्हणतात.

मग राज्य बदललं. थंडी सरता सरता नव्या राजाचा हुकूम आला, की सगळ्या मुरांनी जहाजात बसून समुद्रापार चालतं व्हावं. नव्या वस्तीला पाण्याची रीत शिकवायला इद्रीसला तेवढं ठेवून घ्यावं. वर्षाने त्याला न्यायला जहाज येईल. त्याची बायको लुब्ना लेकीसुनांबरोबर निघाली. तीस वर्षांच्या संसारात दोघं एक दिवसही वेगळी राहिली नव्हती.

"मी दारात बसून राहीन," ती म्हणाली. "उशीर करू नका."

"पुढच्या वसंतात येतोच," इद्रीस म्हणाला.

नवे लोक आले. त्यांचा पुढारी बेनितो कष्टाळू माणूस, पण दगडांवर पाणी सांडलेलं त्याला बघवेना. म्हातारा जाता जाता सूड उगवतोय, असं म्हणून त्याने वरचं दार बुजवलं आणि सगळं पाणी शेतांत वळवलं. इद्रीसने परोपरीने समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेतं तेवढ्यापुरती तुडुंब भरली. उन्हाळ्यात एकेक झरा आटत गेला आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं. गुरं मेली. बायका तीन-तीन कोसांवरून गढूळ पाणी आणू लागल्या.

पुढच्या वसंतात बर्फ वितळू लागलं आणि नेमकं तेव्हाच बंदरात जहाज लागलं. ते तीनच दिवस थांबणार होतं. पाणी पेरायला दोन महिने लागत. इद्रीस गाठोडं बांधत असताना बेनितो दारात आला.

"बाबा, चुकलो आम्ही. थांबा म्हणायला तोंड नाही. पण दार केव्हा उघडायचं, किती उघडायचं, यातलं आम्हाला काही म्हणता काही कळत नाही."

इद्रीसला रागही आला होता आणि लुब्नाच्या आठवणीने जीव तुटत होता. "तहानेला कुठला राजा?" एवढंच म्हणून त्याने फावडं उचललं आणि तो डोंगर चढू लागला. जहाज त्याच्याशिवाय गेलं. पुन्हा दुसरं कधी आलं नाही.

त्या वर्षी दार उघडण्याआधी तो वाकला आणि पाण्याशी लुब्नाचं नाव बोलला. पुढेही तो दर वसंतात बोलत राहिला. ते पाणी खडकाखालून समुद्राखाली गेलं, आणि पलीकडच्या तापलेल्या गावात लुब्नाच्या विहिरीला बर्फाळ पाणी लागलं, असं म्हणतात. ती ओंजळभर प्यायली. सुनांना म्हणाली, "पेरतायत अजून." मग ती परत दारात जाऊन बसली.

इद्रीसची कबर कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही. पण अल्फारात आजही बर्फ वितळलं की सारं गाव वर चढतं. ज्याचं कुणी लांब गेलेलं असेल, तो वाकून पाण्याला त्याचं नाव सांगतो. कुणाचा मुलगा असतो, कुणाची बहीण. पहिलं नाव मात्र बेनितोच्या घराण्यातल्या माणसानेच घ्यायचं, अशी रीत आहे. तो लुब्नाचं नाव घेतो, आणि मगच दार उघडतात.