वाचलेल्या पाण्याचं अभिषेकपात्र

“मग वाचलेल्या पैशांचं केलंत काय?” आत्मपुरी महाराजांनी विचारलं.

नरहरराव याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी मांडीवरचं फडकं सोडलं. आत चांदीचं अभिषेकपात्र होतं, नवंकोरं, तांब्याएवढं, तळाला बारीक भोक असलेलं.

“मठातल्या महादेवावर टांगायला आणलंय. रात्रंदिवस धार राहील.”

“छान आहे. पण एवढं वाचलं कसं?”

झालं, नरहररावांची गाडी सुटली. गावात पाणी विकतच्या टँकरचं. पूर्वी त्यांच्या घरी आठवड्याला दोन लागत, आता एकात भागत होतं. पिंपाला कुलूप, किल्ली जानव्याला. आंघोळीला माणशी एक कळशी. भांडी विसळलेलं पाणी झाडांना. शेजारी कवडीचुंबक म्हणत. म्हणोत बापडे!

महाराज मन लावून ऐकत होते. विसळलेलं पाणी मठातही झाडांनाच जाई.

“आणि घरची मंडळी काय म्हणतात?”

नरहरराव अडखळले.

“मथुरा... माहेरी गेलीय.”

“सणाला?”

“नाही. तिचे वडील आले होते, भर उन्हात, चालत. तांब्याभर प्यायले, आणखी मागितलं. मी म्हटलं, दुपारचं माप संपलं, आता चार वाजता. एवढ्याचं तिनं मनाला लावून घेतलं. त्यांच्याबरोबर निघून गेली.”

“बोलवायला गेलात?”

“गेलो होतो. दारातूनच परत पाठवलं...”

नरहररावांना घर खायला उठलं होतं. हे पात्र एकदा टांगलं की महादेव सगळं मार्गी लावील, अशी त्यांची भाबडी आशा होती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही, पण तोंडावर स्वच्छ दिसत होती.

महाराजांनी पात्र हातात घेतलं.

“तुमच्या आंघोळीला किती पाणी?”

“माझं वेगळं, महाराज. सोवळ्यातली पूजा माझ्याकडे. देवाच्या कामात काटकसर कशी चालेल? दोन घंगाळं तरी लागतातच.”

“लागतातच...” महाराज म्हणाले.

ते उठले. कोनाड्यातला मेणाचा तुकडा घेतला, बोटांत मऊ केला आणि पात्राच्या भोकात घट्ट बसवला. मग रांजणातलं पाणी त्यात काठोकाठ ओतलं. खाली थेंबही पडला नाही.

नरहरराव पुढे सरकले. “अहो, आता धार कशी पडायची?”

महाराजांनी भरलेलं पात्र त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

“उद्या एवढ्यात आंघोळ उरका. घंगाळांतलं वाचेल ते सासऱ्यांना नेऊन पाजा. महादेव थांबेल.”